तळातला ळ

दौलतगंजातला छापखाना बंद पडला
तेव्हा खिळे किलोवर गेले.
हिंदी छापणाऱ्यांनी क, म, र निवडून नेले.
ळ कुणालाच नको होता.
तीन खण भरून ळ
रेवती खांबेट्यांच्या माळ्यावर पडून राहिला,
एकवीस वर्षं.

मी हजिऱ्याचा साचेवाला,
गिरणीसाठी लाकडाचे नमुने करायचो;
पाण्याशी माझा संबंध तांब्याएवढा.
तिने कुबड्या माझ्या रंधाशेजारी टेकवल्या.
म्हणाली, नाव करायचीय. सोळा फुटी, शिडाची, दोघांची.
खाली जड कणा हवा.
शिसं आहे माझ्याकडे.

कागद तिचा, पेन्सिल माझी,
खोडरबर दोघांनी झिजवला.
मी म्हणालो, तुमची बैठक जरा रुंद करू,
मऊ, पाठीला पट्टे.
मला काय, फळीसुद्धा चालेल.
ती हसली नाही.
दोन्ही एकाच साच्यातून काढा.
उद्या मी पुढे बसेन, परवा तुम्ही.
तेरवा तुमचे गुडघे गेले की मग बोलू.

म्हणून बैठका एकामागे एक, नेमक्या मधल्या रेषेवर,
ढुंगण पाण्याच्या पातळीखाली टेकेल इतक्या खोल.
शिडाचे सगळे दोर कप्प्यांवरून फिरवून फिरवून
हाताशी आणले.
सुकाणूची दांडी दोन गुडघ्यांमध्ये उभी, वीतभर,
बोटांनी ढकलली तरी पुरे.
उठायला नको, वाकायला नको,
तोल सांभाळत या काठावरून त्या काठावर
धावायला तर नकोच.
धक्क्यावरून आत सरकायला एक घसरती फळी केली.
तिच्यावर आधी मी बसून पाहिलं.
दोनदा आपटलो.

वाळूत साचा पुरून भट्टी पेटवली.
ओंजळीओंजळीने ळ टाकत गेलो.
आधी कडा गेल्या, मग वेटोळी,
मग नुसतं चकचकीत, थरथरतं काहीतरी
ज्याला उच्चार नव्हता.
तिचे वडील यातूनच पत्रिका जुळवायचे:
मंगळवार, सकाळ, कुळदैवत,
'वेळेवर यावे'.
एक खिळा तिने मुठीत लपवलेला मी पाहिला.
विचारलं नाही.
ळ भरला चाळीस किलो,
उरलेलं भंगारातल्या बॅटऱ्यांनी भागवलं.

तिघऱ्याला पोचलो तर वारा पश्चिमेचा,
टेकड्यांना अडखळत येणारा.
चौकीदाराने वही उघडली.
'विकलांगों वाली है क्या?'
मी तोंड उघडतोय तोवर ती म्हणाली,
'इनको तैरना नहीं आता, लिख लो।'

मधोमध गेल्यावर नाव कलली.
इतकी, की पाणी माझ्या कोपराशी कुजबुजलं.
अंग आपोआप वरच्या बाजूला झेपावलं.
सत्तावन्न वर्षांचं अंग,
ज्याला दोन्ही पाय होते आणि अक्कल एकही नव्हती.
'बसा,' मागून आवाज आला. 'ते काम तुमचं नाही.'
'मग कुणाचं?'
'खाली आहे की.'

आणि खरंच, हिरव्या काळोखात कुठेतरी
जे कुणी विकत घेतलं नव्हतं
ते आम्हाला सावकाश सरळ करत होतं.
मला आणि तिला,
वेगवेगळं न मोजता.

धक्क्याला लागलो. चौकीदाराने लिहिलं,
'नाव एक, सवारी दो'.
शेऱ्याचा रकाना तसाच सोडला.

ती म्हणाली, आता तुम्ही मागे.
घसरत्या फळीवरून आधी ती निघाली, मग पुढच्या बैठकीत उतरली;
तिला त्यात मुळीच वेळ लागला नाही, वेळ मला लागला.
दांडी गुडघ्यांमध्ये धरली, हात कापत होता.
तिची बैठक ओली होती
आणि माझ्या मापाची.